आई चालायला लागली की

कॉम्प्युटर म्हणत होता, सगळं ठीक आहे. आणि समोर रंगमंचावरचे दिवे थंडी भरल्यासारखे कुडकुडत होते. धाकटीला वाटलं, हा लॅपटॉप उचलावा आणि खिडकीतून फेकून द्यावा. पण नाट्यगृहाला खिडक्या नसतात, आणि लॅपटॉप तिचा स्वतःचा होता.

"थांबा! सगळे थांबा!" तिचा मोठा भाऊ पहिल्या रांगेतून ओरडला. नाटक त्याने बसवलं होतं, त्यामुळे ओरडण्याचा पहिला मान त्याचा. "आई, आहेस तिथेच उभी राहा. हलू नकोस."

आई रंगमंचाच्या मधोमध एक हात पुढे करून थांबली. तिची नजर गेली काही वर्षं हळूहळू ओसरत चालली होती. माणसांचे चेहरे तिला ओळखू येत नसत, उजेड मात्र दिसे. म्हणून तर धाकटीने हा सगळा खटाटोप मांडला होता. शेवटच्या प्रवेशात आई पलंगावरून उठते, घरभर चालत जाते आणि पार दुसऱ्या टोकाच्या खुर्चीत बसते. मग अंधार, आणि नाटक संपतं. ती जिथे पाऊल टाकणार तिथला दिवा आधी लागायचा, मागचा विझायचा. आईने नुसतं उजेडाच्या मागे जायचं. जुन्या बोर्डावरची बटणं हाताने सरकवून हे इतकं नेमकं जमत नव्हतं. तेव्हा धाकटीने लॅपटॉप आणला, त्याला काडेपेटीएवढी एक डबी जोडली, डबीतली केबल पहिल्या दिव्यात नेली, पहिल्यातून दुसऱ्यात, अशी शेवटपर्यंत. प्रत्येक दिव्याला आपला नंबर. लॅपटॉपने नंबर पुकारायचा आणि त्या दिव्याने ओ द्यायची. इतकं सोपं होतं ते, कागदावर.

काल हेच दिवे लुकलुकले आणि आई पलंगाच्या पायाला अडखळून गुडघ्यावर आपटली. तेव्हापासून दादाचा धीर सुटला होता.

"उद्या प्रयोग आहे," तो धाकटीच्या टेबलाशी येऊन दबक्या आवाजात म्हणाला. "आजच्या शेवटच्या तालमीत एकदा जरी दिवा लुकलुकला ना, तर आई रंगमंचावर उतरणार नाही. बदली बाई तयार बसलीय. मला आईची हाडं मोडून नाटक करायचं नाहीये."

"आईला काय वाटेल?"

"हाड मोडण्यापेक्षा बरं वाटेल."

बदली बाई खरोखरच तयार होती. आईचे सगळे संवाद पाठ करून ती तिसऱ्या रांगेत बिस्किटं खात बसली होती. तिचा काही दोष नव्हता, तरी धाकटीला तिच्या बिस्किटांचा राग आला.

सगळे चहाला गेले तशी धाकटीने तो प्रवेश एकटीनेच चालवून पाहिला. पलंगावरचा दिवा लागला, पुढचा लागला, मागचा अलगद विझला. एकही कुडकुडला नाही. तिने पुन्हा चालवला. पुन्हा सगळे सुतासारखे सरळ.

"आता बरे शहाणे झालात!" ती दिव्यांवर खेकसली.

सकाळपासून हेच चाललं होतं. ती एकटी असली की दिवे गुणी, तालीम सुरू झाली की यांचा नाच सुरू. तिने डबी बदलली. लॅपटॉप बदलला, मेकअपवालीचा मागून आणला आणि तिच्या नवऱ्याचे फोटो बाजूला सारून त्यात सगळं पुन्हा भरलं. मेकअपच्या खोलीतलं केस वाळवायचं यंत्र बंद करायला लावलं, त्यावरून शब्दाने शब्द वाढला. विंगेतला पंखा बंद केला, तेव्हा घामाघूम झालेले नट तिच्या नावाने खडे फोडू लागले. पहिल्या दिव्यापर्यंतची केबलसुद्धा बदलली. तेवढ्या कामाला मामा धावून आला होता. मामा म्हणजे आईचा धाकटा भाऊ. नाटकांचा आवाज सांभाळण्यात त्याचा जन्म गेला. "तू बस गं, मी खोचतो तिकडे," असं म्हणून त्याने तिला जागेवरून उठूही दिलं नव्हतं. इतकं करून रोग जिथल्या तिथे. धाकटीला रडू यायचं तेवढं बाकी होतं.

चहा पिऊन परतलेल्यांपैकी एक नट, नोकराचं काम करणारा, तिला म्हणाला, "अहो, तुम्ही उगाच केबली बदलताय. आई चालायला लागली की दिवे नाचायला लागतात. आईच्याच अंगात वीज आहे."

सगळे हसले. धाकटीने त्याला एक जळजळीत उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. कारण ते खरं होतं. पहिल्या दोन अंकांत दिवे एकदाही लुकलुकले नव्हते. आई चालायला लागली की, आणि तेव्हाच. पण रंगमंचावर कोण चालतंय हे दिव्याला कुठून कळणार? ते कळायला माणूसच लागतो.

"दादा, शेवटची तालीम थोडी थांबव," ती म्हणाली. "आधी आईला एकदा नुसतं चालू दे. तू तिचा हात धर. ही चाचणी आहे, हिच्यात लुकलुकलं तर ते मोजू नकोस."

"ही चाचणी कितवी?"

"शेवटची. चल ना रे."

तिने लॅपटॉपवर प्रवेश सुरू केला, त्याला आपोआप चालू दिलं आणि स्वतः उठली. डबीतून निघालेली केबल मुठीत धरून, बोटांनी चाचपत ती निघाली. भिंतीकडेने, पायऱ्या चढून, काळ्या पडद्यामागून विंगेत. सकाळीच हे करायला हवं होतं. काखेत कळसा नि गावाला वळसा, दुसरं काय!

पहिल्या दिव्याच्या मागे तिची बोटं एका गाठीवर थांबली. तिथे दोन शेपट्यांची जोडकेबल होती, आवाजवाले दोन माइक एकत्र करायला वापरतात तसली. एका शेपटीत तिची केबल होती. दुसरी शेपटी पडद्याखालून कोपऱ्यात गेली होती. तिथे तो जुना बोर्ड होता, जो तिने स्वतःच्या हाताने काढून चादरीखाली झाकून ठेवला होता. चादर जमिनीवर पडली होती. बोर्डासमोर स्टुलावर मामा बसला होता, दोन्ही हात सरकत्या बटणांवर, नजर रंगमंचावर चालणाऱ्या आईवर. समोर दिवे वेड्यासारखे लुकलुकत होते, आणि ते जितके लुकलुकत तितकी मामा बटणं वर रेटत होता. आगीत तेल ओततोय हे त्याच्या गावीही नव्हतं.

"मामा!"

तो दचकला, पण हात काढला नाही. "थांब गं, ताई अजून पोचली नाही."

"काय करतोयस तू?"

"तुझा कॉम्प्युटर लुकलुकतोय ते सावरतोय! मी नसतो तर आज पुन्हा पडली असती ती."

धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने हात लांब करून बोर्डाचं बटण बंद केलं. दिवे तत्क्षणी शांत झाले, शांत आणि मंद.

"तुझ्यामुळे लुकलुकतोय तो! दोन माइक जोडले तर दोन्ही आवाज ऐकू येतात. इथे आपण दोघं एकाच तारेवर एकदम हुकूम सोडतोय. दिव्याने कुणाचं ऐकायचं? माझा दिवस गेला, मामा! अख्खा दिवस!"

मामाचा चेहरा उतरला. "मला वाटलं, दोघांनी लावला जोर तर जास्त उजेड पडेल."

"पण जोडलासच कशाला? मी सांगितलं होतं का तुला?"

उत्तर आलं ते पडद्यापलीकडून.

"मी सांगितलं होतं."

शेवटची खुर्ची त्याच विंगेजवळ होती. दादाने आईला तिथवर सोडलं होतं आणि तो आपल्या जागेवर निघून गेला होता. आई पडदा चाचपत आत आली. आवाजाच्या दिशेने तिने धाकटीचा दंड पकडला.

"ओरडू नकोस त्याला. तुझा उजेड मला पुरत नाही, बाळ. तू बसवलास तेव्हा पुरत होता. आता ते दिवे मला राखेसारखे दिसतात. आणि शेवटचा तर खुर्ची हाताला लागायच्या आधीच विझतो."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"तुला सांगितलं की दादाला कळलंच. तू तोंडाने नाही बोलणार, पण तुझा चेहरा बोलतो. लहानपणापासून तुला काही लपवता येत नाही. आणि तो मला घरी बसवेल. मायेनेच बसवेल, पण बसवेल." आईची बोटं तिच्या दंडावर घट्ट झाली. "पुढचं नाटक येईपर्यंत मला उजेड तरी दिसेल का गं? हे एक करू दे."

धाकटीला खूप राग आला होता, आणि आता तो कुणावर काढायचा ते कळेना. मामावर काढावा तर तो मान खाली घालून चादरीची घडी करत होता. आईवर काढावा तर तिची बोटं अजून दंडावर होती. दिवसभर ती लॅपटॉपच्या पडद्यावरच्या आकड्यांकडे डोळ्यांत तेल घालून बघत होती. आईची पावलं किती हळू झालीत हे तिने बघितलंच नव्हतं. हे मात्र तिचं तिलाच लागलं.

तिने जोडकेबल उपटली आणि आपली केबल सरळ दिव्यात खोचली.

"काढलंस?" आईने घाबरून विचारलं.

"काढलं. मामा आता काही करणार नाही. मी करते."

ती टेबलापाशी परतली. त्या प्रवेशातले सगळे दिवे तिने वाढवले. मग शेवटच्या दिव्याला दिलेली वेळ पुसून टाकली. आता तो आपोआप विझणार नव्हता. ती कळ दाबेल तेव्हाच विझणार होता.

"काय निघालं?" दादाने विचारलं.

"पिन सैल होती," धाकटी लॅपटॉपमध्ये डोकं खुपसून म्हणाली.

शेवटची तालीम सुरू झाली. दोन अंक गेले. आई पलंगावरून उठली, आणि बदली बाईसुद्धा बिस्किट हातात तसंच धरून बघू लागली. एक दिवा लागला, दुसरा लागला. कुणी लुकलुकलं नाही. आई उजेडामागून चालत होती, हळू, फार हळू.

"जास्त नाही का होत उजेड?" दादा पुटपुटला.

खुर्चीवरचा दिवा लागला. आईचं शेवटचं वाक्य संपलं, पण खुर्ची अजून लांब होती. तिचा हात हवेत खुर्चीची पाठ शोधत होता.

"हं, अंधार!" दादा म्हणाला.

धाकटीचं बोट कळेवर होतं. तिने ते दाबलं नाही.

"ए धाकटी, अंधार कर!"

"ऐकत नाहीये रे, दादा."

"कोण ऐकत नाहीये?"

"कॉम्प्युटर. दाबतेय मी. ऐकतच नाही."

मग दादाने तोंडाचा पट्टा सोडला. सकाळपासून सांगतोय, या डबड्याच्या नादी लागू नको. जुना बोर्ड काय वाईट होता. जिला स्वतःची इस्त्री दुरुस्त करता येत नाही ती निघाली नाट्यगृह चालवायला. सगळ्या नटांसमोर. धाकटीने एकेक शब्द ऐकून घेतला. तिची नजर आईच्या बोटांवर होती. ती बोटं पाठीला लागली, मग खुर्चीच्या हातावरून सरकत खाली आली. आई वळली, सावकाश बसली, दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि चेहरा वर करून उजेडाकडे बघत राहिली.

मग धाकटीने कळ दाबली. अंधार झाला.

दादा बोलता बोलता थांबला.

"लुकलुकला नाही खरा," शेवटी तो म्हणाला. "ठीक आहे. उतरू दे आईला." आणि थोड्या वेळाने, "पण उद्याही हा असाच उशिरा ऐकणार का गं?"

"हो," धाकटी म्हणाली. "रोज."

दिवे अजून लागले नव्हते, हे बरं होतं. तिचा चेहरा कुणाला दिसत नव्हता.