वाढत्या मापाचा घोडा

घोडासुद्धा वाढत्या मापाचाच घ्यायचा, हे नरेंद्रने कुणालाही न विचारता ठरवून टाकलं. त्याच्या नागपूरच्या घरात गणवेश, चपला, सायकल, सगळं वाढत्या मापाचं यायचं. मग अमेरिकेत, मॉरिसव्हिलला, मुलीसाठी येणारा घोडा तरी मापाचा कसा येणार? त्याच्या बायकोचं, गिरिजाचं, डोकं तेव्हा जे तापलं ते वर्ष होत आलं तरी उतरलं नव्हतं.

उर्वी तेव्हा नऊ वर्षांची होती. कॅरलच्या तबेल्यात ती बिस्किटवर बसायला शिकली. बिस्किट म्हणजे वेल्श जातीचं, अठरा वर्षांचं, ढेरपोटं पोनी. उर्वीने लगाम चुकीचा ओढला तरी ते आपलं समजून उमजून बरोबर वळायचं. कॅरलने ते विकायला काढलं तेव्हा स्पष्ट सांगितलं होतं, की मूल नवखं असेल तर घोडा मुरलेला हवा. दोघंही नवखे असले की हाडं मोडतात. नरेंद्रने मान डोलावली, थँक्यू म्हटलं आणि गाडीत बसल्याबरोबर म्हणाला, "अठरा वर्षांचं म्हातारं तट्टू? दोन वर्षांत हिचे पाय जमिनीला टेकतील, यार. मग परत दुसरं शोधा!"

आणि दसऱ्याच्या मुहूर्तावर दुसरीकडून विकत घेतलेला कॉमेट कॅरलच्याच तबेल्यात राहायला आला. चार वर्षांचा, उंच, तांबूस, देखणा आणि बिनडोक. गळ्यात घातलेला झेंडूचा हार त्याने तिथल्या तिथे खाऊन टाकला. सोबत उर्वीला घोडेस्वारीचे बूट आले, तेही दोन नंबर मोठे, पुढे मोज्यांचे बोळे कोंबलेले. हेल्मेट तेवढं कॅरलने हट्टाने मापाचं घ्यायला लावलं, नाहीतर तेही नाकावर आलं असतं.

उर्वीचा हात कॉमेटच्या पाठीवर पोचेना, तेव्हा त्याला खरारा करायचं काम आपोआप गिरिजाकडे आलं. जिला घरात मांजर चालत नसे, ती दर शनिवारी गुडघ्यावर घोड्याचा खूर घेऊन त्यातला चिखल खरवडत होती. नरेंद्र कुंपणाबाहेरून फोटो काढून नागपूरच्या ग्रुपवर टाकत होता. तिथून अंगठे येत होते. त्या अंगठ्यांचीसुद्धा गिरिजाला चीड यायची.

उर्वीचं मात्र शनिवार आला की पोट दुखायला लागायचं. ती कॉमेटवर चढायची ती ओठ घट्ट मिटून. बिस्किटवर बसून ती गाणी म्हणायची, हे फक्त गिरिजाला आठवत होतं.

त्या शनिवारी शेजारच्या आवारात कुणीतरी पाचोळा उडवायचं मशीन सुरू केलं आणि कॉमेट उधळला. रिंगणाला दोन फेऱ्या. उर्वी आयाळ धरून त्याच्या मानेला चिकटून राहिली. ओरडली नाही, रडली नाही. कॅरलने त्याला कसंबसं थांबवलं, तेव्हा उर्वीची बोटं एकेक करून सोडवावी लागली.

"बघितलंस, पडली नाही!" नरेंद्र धावत आत येत म्हणाला. "वर्षभर थांब गं. होईल तिला बरोबर."

"घोडा म्हणजे गणवेश नाही रे, आत टाके घालून लहान करायला!" गिरिजा सगळ्यांदेखत ओरडली. "ती आज केवढी आहे ते बघ ना! आजच्या मुलीसाठी तू कधी काही आणणार आहेस का?"

ती तशीच तरातरा कॅरलकडे गेली. कॉमेट घ्या, पाहिजे त्याला द्या, पण आम्हाला बिस्किट द्या. कॅरलने हळहळून मान हलवली. बिस्किटला मागच्याच आठवड्यात एक कुटुंब घेऊन गेलं होतं. त्यांची मुलगी सहा वर्षांची होती.

गिरिजा परतली तेव्हा उर्वी बाकावर बसून बूट काढत होती. तिला हे कसं सांगावं, या विचाराने गिरिजाला रडूच यायला लागलं.

"आय नो, आई," उर्वीच म्हणाली. "बिस्किट गेला. मी त्याला बाय केलं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"बाबांना सॅड वाटलं असतं. ही लव्ह्ज कॉमेट."

नरेंद्र मागेच उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

उर्वीने बूट पुसले आणि दाराजवळच्या खोक्यात ठेवले. मुलांना लहान झालेल्या वस्तू तिथे ठेवायच्या आणि ज्याला लागतील त्याने न्यायच्या, अशी तबेल्यातली पद्धत होती. बुटांत मोज्यांचे बोळे नव्हते. गिरिजाने वाकून आत हात घालून पाहिलं.

"ते केव्हाच काढले. नाऊ दे फिट."

"अगं, मग टाकतेस कशाला?" नरेंद्र पटकन पुढे आला. "आत्ता कुठे तुला बरोबर बसायला..."

उर्वी नुसत्या मोज्यांवर गाडीकडे निघाली होती, आणि वाटेत कॉमेटचं कुंपण लागलं तेव्हा ती लांबून वळसा घालून गेली.