ताईच्या मुठीतला फुगा

मित्रांनो, मुठीत मावेल एवढाच मी, एक जुना काळा रबरी फुगा. कारखान्यातून निघालो तो थेट एका टेम्पोच्या भोंग्याला जाऊन चिकटलो. काय तोरा होता तेव्हा माझा! मला दाबलं की माणसंच काय, गल्लीतली कुत्रीसुद्धा वाट सोडायची. पुढे टेम्पो मोडीत निघाला आणि मी भंगारात पडलो. तिथून मला ताईने उचललं.

ताई लोकांनी टाकून दिलेल्या वस्तूंतून पुतळे घडवायची. खुर्चीचे पाय, छत्रीच्या काड्या, दाराच्या कड्या, चेपलेल्या किटल्या. तिच्या हाती लागेल त्याचं सोनं व्हायचं. मग त्या पुतळ्याशेजारी बसून ती स्वतःच स्वतःचा फोटो काढायची. कॅमेरा सहा पावलांवर. त्याच्यापासून तिच्यापर्यंत लांब रबरी नळी आणि नळीच्या टोकाला मी, तिच्या उजव्या मुठीत. तिने मला दाबलं की माझी हवा धावत जाऊन कॅमेऱ्याचा खटका पाडायची. प्रदर्शनात लोक तोंड भरून स्तुती करायचे. मला धरलेला उजवा हात ती पुतळ्याआड लपवायची, म्हणून मी एकाही फोटोत दिसायचो नाही, तरी अकरा वर्षं मला वाटायचं, हे कौतुक आपलंच आहे.

दिवसाला एकच फोटो, हा तिचा नियम. "दुसऱ्यांदा बसलं की चेहरा खोटं बोलायला लागतो," म्हणायची.

मग तिच्या उजव्या मनगटात गाठ आली. औषधं झाली, दोनदा चिरफाड झाली. शेवटी डॉक्टर म्हणाले, हात काढावा लागेल. दवाखान्यात जायच्या दिवशी सकाळी ताईला एक फोटो हवा होता, दोन्ही हातांसकट. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

आणि नेमकी तेव्हाच मला चीर गेली होती. नळीपाशी, केसाएवढी. ती ताईच्या धाकट्या बहिणीच्या नजरेला पडली.

"ताई, हा पार म्हातारा झालाय गं, चीरही पडलीय. नवा आणू का?"

"राहू दे. याला माझा हात माहीत आहे."

मला वाचा असती तर मी बोंब मारली असती! ताई पुतळ्याला टेकून बसली. उजव्या तळव्याला स्पर्शही धड कळत नव्हता, तरी बोटं कशीबशी माझ्याभोवती वळवली. शेजारच्या सुताराची करवत कर्कश चालली होती. तिने मला दाबलं. मी जिवाचा आटापिटा केला, पण हवा चिरेतून निसटली. खटका पडलाच नाही, आणि करवतीच्या आवाजात तिला ते कळलं नाही.

"झाला बाई एकदाचा," ती म्हणाली आणि हसत उठली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवसांनी धाकटीने रोल धुऊन आणला. शेवटची चौकट कोरी! दवाखान्याच्या जिन्यातच तिने ती दोनदा उजेडाला धरून पाहिली. हात तर केव्हाच गेला होता.

"कसा आलाय गं?" ताईने खाटेवरून विचारलं.

"छान आलाय. दोन्ही हात अगदी स्वच्छ दिसतात."

"घरी आल्यावर बघते. माझा फुगा आणलायस ना? दे. आता डाव्या हाताला शिकवायला हवं."

धाकटीने चाचरतच मला पिशवीतून काढून तिला दिलं. ताईने मला डाव्या मुठीत घेऊन दाबलं. चिरेतली हवा फुस्सकन तिच्या मनगटावर आली. तिने पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

"खरं सांग," ती हळूच म्हणाली, "खटका पडला होता का गं?"

धाकटीने पिशवीतून रोलची पट्टी काढली आणि ती कोरी चौकट तिच्यापुढे धरली.

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा असं सगळेच सांगतात. मी उलटं विनवतो. आमच्यावर माया करा, पण चीर दिसली की मायेपोटी डोळेझाक करू नका. नवी वस्तू आणा, आम्हाला खुशाल फेका. मला वेळेवर फेकलं असतं तर तो हात निदान फोटोत तरी उरला असता.

ताईला हे सारं कळलंय. तरी तिने मला फेकलेलं नाही. डाव्या मुठीत घट्ट धरून ती रडते आहे, आणि काही केल्या मूठ सोडत नाही.