पाहुण्यांसाठी स्वच्छ धूर

आमचे बाबा वीजकेंद्रात बॉयलर चालवतात आणि मी त्यांच्याच चिमणीच्या पायथ्याशी बसून धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडते. घरी यावरून रोज माझी टर उडते. "काय, आज किती धूर पोत्यात भरलास?" हे बाबांचं चहाबरोबरचं ठरलेलं वाक्य.

आमचं यंत्र प्रायोगिक. चिमणीकडे जाणारा थोडासा धूर त्यात घ्यायचा, त्यावर द्रावणाचा फवारा सोडायचा आणि मग ते द्रावण तापवून गॅस वेगळा काढायचा. आज शेवटची चाचणी होती. तपासणीसाठी येणाऱ्या समितीसमोर तासाला चारशे किलो गॅस पकडून दाखवला तर यंत्र राहणार, नाहीतर सुटं करून ट्रकमध्ये. दोन वर्षं मी या यंत्रापायी जिवाचं रान केलं होतं.

सकाळी सातला आकडा चारशे वीस होता. दहाला समितीचे तिघे आले आणि आकडा घसरत घसरत तीनशे दहावर गेला. पंप ठीक, द्रावण ठीक, वाफही ठीक. आमचा केमिस्ट घामाघूम होऊन मीटरलाच टिचक्या मारत होता. शेवटी मी आत येणारा धूर तपासला. रोज त्यात बारा टक्के कार्बन डायऑक्साइड असतो, आज जेमतेम नऊ. बॉयलरमध्ये कोणीतरी भसाभस जादा हवा सोडून धूर पातळ केला होता.

कोणीतरी म्हणजे कोण, हे सांगायला ज्योतिषी नको. मी फोन लावला.

"बाबा, हवा वाढवलीत?"

"मग! तुझे पाहुणे आलेत ना? बघ चिमणीकडे, धूर दिसतोय का कुठे?" आवाजात नुसता आनंद. "तीस वर्षं पाहुणे आले की असंच करतो आम्ही. आज तुझ्यासाठी जरा जास्तच सोडली."

मला चिडावं की रडावं कळेना. रोज माझी टर उडवणारा हा माणूस सकाळपासून माझ्यासाठी चिमणी नटवत बसला होता.

"त्यानेच माझा आकडा पडलाय, बाबा. रोजच्याएवढीच ठेवा."

"अगं, पण धूर दिसेल! लोक काय म्हणतील?"

"दिसू दे. मला तोच हवाय."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

वीस मिनिटांनी चिमणीवर करडा पट्टा दिसू लागला. समितीच्या प्रमुख बाईंनी खिडकीतून वर पाहिलं. "मघाशी तर किती स्वच्छ होती!"

"मघाशी ती तुमच्यासाठी नटली होती," मी म्हणाले आणि सगळं सांगून टाकलं.

बाई खो खो हसल्या, पण सूट काही दिली नाही. पूर्ण तासभर आकड्यावर नजर ठेवून बसल्या. तीनशे चाळीस, तीनशे ऐंशी, चारशे. चारशे बारावर आकडा स्थिरावला, तेव्हा कुठे त्यांनी सही केली. केमिस्टने मला डोक्यावर घेऊन नाचायचं तेवढं बाकी ठेवलं.

मी बाबांना फोन केला. "यंत्र राहिलं!"

"राहिलं ना? बरं झालं." त्यांनी घसा खाकरला. "आता बोल, दुपारच्या पाळीत हवा किती ठेवू?"

तीस वर्षांत बाबांनी बॉयलरबद्दल साहेबालासुद्धा असं विचारलेलं नाही. मी आकडा सांगितला. त्यांनी तो दोनदा म्हणून पाहिला आणि लिहून घेतला.