कासीमची शपथ

१९७३ साली सोलापूरच्या कलेक्टर कचेरीत स्वातंत्र्यसैनिकांचे अर्ज माझ्या टेबलावर यायचे. खरे, खोटे आणि जावयाच्या सांगण्यावरून केलेलेसुद्धा. माझं डोकं उठलं होतं.

धोंडप्पा मात्र खरे होते. अठ्ठेचाळीस साली निजामाच्या हद्दीतली सात गावं बंडखोरांनी चार महिने ताब्यात ठेवली, तेव्हा धान्यवाटप, परवाने, तंट्यांचे निवाडे सगळं यांच्या कमिटीने चालवलं. पण पुरावा एकच उरला होता, कमिटीच्या शिक्क्याचा एक निवाडा. तो होता हुसेनबीकडे. तिच्या गाडीवान नवऱ्याला, कासीमला, रझाकारांना बातम्या पुरवतो म्हणून गावाबाहेर काढल्याचा. कासीम वर्षाच्या आत सोलापुरात मेला.

दोघं माझ्या टेबलासमोर होते. ती कागद पदराखाली धरून बसली होती. तो मिळाला नाही तर धोंडप्पांचा अर्ज केराच्या टोपलीत जाणार होता.

"देते की अण्णा," ती धोंडप्पांना म्हणाली. "आदी गळ्यातलं लिंग हातात घ्या. ह्यात लिवलंय, बातम्या न्हाय दिल्या अशी शपथ घ्यायला कासीमनं नकार दिला. दिला व्हता का?"

"वैनी, पंचवीस वर्सं झाली."

"माज्या लेकाला अजून फितुराचा पोरगा म्हनत्यात."

धोंडप्पा लिंगायत. त्यांनी गळ्यातली चांदीची डबी उघडली, लिंग तळहातावर घेतलं.

"नकार न्हाय दिला. आमी समदे असं लिंग घेऊन शपथ घ्यायचो. त्याच्याकडं लिंग कुटलं? तो म्हनला, कुराण आना. कुराण आनायला कुनी उठलंच न्हाय. लिवनाऱ्यानं 'नकार दिला' लिवलं. मी सही केली."

हे मी जसंच्या तसं लिहून घेतलं. हुसेनबीने कागद टेबलावर ठेवला.

मी स्पष्टच बोललो, "धोंडप्पा, हा जबाब निवाड्याला जोडला तर सन्मानपत्र मिळणं अवघड आहे. नाही जोडला तर कुणी विचारणार नाही."

मला वाटलं, आता म्हणतील राहू द्या. माणूस आहे, वय झालंय, मी दोष दिला नसता.

"जोडा," ते म्हणाले आणि जबाबाखाली सही केली.

हुसेनबीने त्यांच्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि संतापही.

"अण्णा, हेच त्या दिवशी बोलला असता तर?"

धोंडप्पांनी लिंग डबीत ठेवून डबी मिटली. मी टाचणी शोधायला लागलो.