शेवटचा फर्मा

डॉक्टर दातांचे, पण जीव पुस्तकांवर. हात धुतल्याशिवाय पुस्तकाला शिवायचे नाहीत. पुस्तक पुरतं उघडायचेही नाहीत, पाठ मोडेल म्हणून. दार किलकिलं करून आत डोकावावं तसं वाचायचे. पानाचा कोपरा दुमडणारा माणूस त्यांच्या लेखी खिसेकापूपेक्षा दोन पायऱ्या खाली. स्वतःचं पुस्तक कुणाला द्यायचे नाहीत, आणि कुणाचं आणलंच तर आणलं त्याहून टापटीप करून परत करायचे. ह्या शेवटच्या सवयीनेच त्यांचा घात केला.

त्यांची वहिनी बाइंडर. दुकान नवऱ्याचं, तो गेल्यावर तिने चालवलं. खरं तर तो असतानाही तीच चालवायची, तो गल्ल्यावर बसून वाचायचा. दोघांनाही रहस्यकथांचं वेड. पुस्तक आधी तो वाचणार, मग ती. वाचलेल्याबद्दल तोंडाने चकार शब्द काढायचा नाही, असा घरचा कायदा. जे म्हणायचं ते समासात, पेन्सिलीने. 'हा माळी फार नम्र आहे, लक्ष ठेव,' असं त्याने लिहावं. त्याखाली तिने, 'नम्र तर तुम्हीही आहात. ठेवलंय.' भांडणं, रुसवे, समजुती, अख्खा संसार असा पुस्तकांच्या कडेकडेने झाला.

तो गेला त्या वर्षी घराच्या भिंतीला ओल आली. डॉक्टर धावून आले. "वहिनी, दादाची पुस्तकं माझ्याकडे नेतो. भिंत वाळली की आणून देईन."

भिंत वाळली, पुस्तकं आली. प्रत्येकाला नवं कव्हर.

"उघडून तर बघा," डॉक्टर म्हणाले. अवघड दाढ न दुखवता काढल्यावर होतो तसा चेहरा झाला होता.

तिने उघडलं. समास कोरे. दुसरं उघडलं. तेही कोरं.

"दादाने पार गिरगटून ठेवली होती हो. एकेक पान मऊ रबराने साफ केलंय. कागद कुठे फाटू दिला नाही."

तिने पानावरून बोट फिरवलं. कडेला कागद पातळ लागला.

"फार कष्ट घेतलेत भाऊजी," ती म्हणाली आणि पाणी आणायला आत गेली. पाण्याला बराच वेळ लागला. तेव्हाच चार शब्द सुनावले असते तर हिशेब तिथल्या तिथे मिटला असता. तिला तो इतक्या स्वस्तात मिटवायचा नव्हता.

संधी चालत आली, तीही हातगाडीवर लादून. डॉक्टरांनी एक कपाट निवृत्तीसाठी राखून ठेवलं होतं, न वाचलेल्या रहस्यकथांचं. तरुणपणापासून घ्यायचे, वास घ्यायचे आणि ठेवून द्यायचे. दवाखाना मुलीकडे सोपवला तशी ती सगळी वहिनीच्या दुकानात आली.

"पाठी सुटल्यात. पक्की बांधणी करा वहिनी. आता उरलेलं आयुष्य ह्यांच्यावरच काढायचंय."

"काढा की," ती म्हणाली.

पुस्तक म्हणजे सोळा-सोळा पानांच्या घड्या, एकीला एक शिवलेल्या. धंद्यात त्या घडीला फर्मा म्हणतात. तिने प्रत्येक पुस्तक आधी वाचून काढलं. मग शिवण उसवली, शेवटचा फर्मा बाजूला काढला आणि उरलेलं इतकं सुबक बांधलं, की पुस्तकालाही आपलं काही गेल्याचं कळू नये.

डॉक्टरांनी माल तपासून घेतला. पाठ दाबून पाहिली, शिवण निरखली, नाक खुपसलं. मागची पानं तेवढी उघडली नाहीत. रहस्यकथेचा शेवट चुकूनही नजरेला पडू नये म्हणून ते मागच्या बाजूला अंगठा घट्ट दाबून धरत. तिला हे चांगलं ठाऊक होतं.

पहिलं पुस्तक अर्धवट संपलं तेव्हा त्यांनी छापखान्याला दोष दिला. दुसऱ्या वेळी नशिबाला. तिसरं काखोटीला मारून दुकानात आले.

"वहिनी, सगळे दिवाणखान्यात जमलेत, इन्स्पेक्टरने घसा खाकरलाय, आणि पुढे पुठ्ठा."

तिने खण ओढला. आत फर्म्यांची नीट रचलेली चळत.

"हे मुद्दाम?"

"मुद्दाम."

"अहो, मी काय केलं तुमचं?"

"खोडताना वाचलंत ना?"

तिने फळीवरचं नवऱ्याचं एक पुस्तक डॉक्टरांपुढे उघडून धरलं. पुडीचा कागदही वाचल्याशिवाय न फेकणारा माणूस; तो काय डोळे मिटून खोडणार होता? कोऱ्या समासांकडे पाहता पाहता उमगायला थोडा वेळ लागला, पण उमगलं.

"वाचलं," ते खाली बघत म्हणाले. "थोडंथोडं आठवतंय."

"मग बसा. एक आठवा, एक फर्मा न्या."

ते स्टुलावर बसले. कपाळ चोळलं. "दादाने लिहिलं होतं, 'ह्या इन्स्पेक्टरला आमच्या डॉक्टरची सवय. समोरच्याच्या तोंडात बोटं घालतो आणि मग प्रश्न विचारतो.'"

"आणि खाली मी?"

"'म्हणूनच कुणी उत्तर देत नाही.'"

तिने नवऱ्याचं ते पुस्तक फळीवरून उतरवलं, डॉक्टरांनी सांगितलेल्या पानावर दोन्ही ओळी लिहिल्या आणि एक फर्मा त्यांच्यापुढे सरकवला. हसली नाही. डॉक्टरांचा हात फर्म्यावर पडला, पण डोळे चळतीवरच.

"पुढचं?" तिने विचारलं.

पुढचं काही केल्या आठवेना. शेवटी ते म्हणाले, "एका ठिकाणी असं होतं, 'तुझ्यासारखी सोबत मिळाली, म्हणून वाचन गोड झालं.'"

तिने दाभण खाली ठेवलं. "हे ह्यांनी लिहिलं?"

"साधारण असंच."

"ह्यांनी जन्मात मला गोड लिहिलं नाही. आम्हाला गरजच पडली नाही." ती पुढे झुकली. "हिरव्या कापडातलं जाडं पुस्तक वाचलंत?"

"नाही अजून. का?"

"धाकटी बहीण मारते. विष अंगठीत असतं."

डॉक्टरांनी कान झाकले, पण उशिरा. "वहिनी, ते मी सगळ्यात शेवटी वाचायला राखून ठेवलं होतं."

"माहीत होतं. म्हणून तेच सांगितलं. अशी आणखी पुष्कळ उरलीत, आणि मला सगळ्यांतले खुनी पाठ आहेत. आता नीट आठवा."

डॉक्टरांनी डोळे मिटले. ती पेन्सिलीला टोक काढत बसली.