पेटीचं पोट

दादा गेला तेव्हा जीप टेकूच्या लोखंडी घोड्यांवर चढवलेलीच होती. चारही चाकांना ताकद पुरवणारी खालची पेटी, म्हणजे ट्रान्सफर केस, दगडांवर आपटू नये म्हणून त्याने सोडवून वरच्या अंगाला वळवून बसवली होती. तेल तेवढं भरायचं राहिलं आणि त्याने हॉस्पिटलात डोळे मिटले.

तेल धाकट्या भावाने भरलं. बाजूच्या भोकातून ओघळेपर्यंत ओतायचं, बूच लावायचं, पान्याने दोन टोले द्यायचे आणि म्हणायचं, "भरलं गं बाई तुझं पोट!" ही दादाची रीत. धाकट्याने टोले दिले, पण पुढचं न म्हणताच पाना खाली ठेवला.

तेवढ्यात पेटीतूनच टोले आले. टक्, टक्.

लोखंड थंड होताना वाजतं, अशी त्याने मनाची समजूत घातली. अरे, पण जीप सुरूच झाली नव्हती, थंड काय कपाळ होणार?

"भावजी, झालं का?" वहिनी दारातून म्हणाली. "दुपारी पाहुण्यांना घेऊन डोंगर चढायचाय." दादामागे जीप आता तीच चालवणार होती.

"झालंच, वहिनी."

टक्, टक्.

"ऐकलंत?"

"काय?" म्हणत ती आत गेली.

धाकटा जीपखाली सरकला. बूच काढलं तर तेल भोकाच्या काठाशी, सगळं ठीक. टोले मात्र वरून येत होते, पार माथ्यापासून. तिथे हात ठेवताच त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. पेटी वळली तसं भोकही खाली गेलं होतं! तेल ओघळलं खरं, पण पोट अर्धंच भरलं होतं आणि वरचं बेअरिंग ठणठणीत कोरडं. ऐन चढावर ते जळून चाकं जाम झाली असती, आणि त्या वाटेला एका अंगाला दरी होती.

"तोंडाने सांगायला काय झालं होतं रे, दादा?" तो रडवेला होऊन म्हणाला.

बूच आवळून त्याने माथ्यावरची हवेची नळी काढली. तिथून थोडंथोडं तेल ओतलं, दर वेळी तार बुडवून पाहिली. तेल बेअरिंगपर्यंत चढल्यावर नळी परत बसवली आणि दोन टोले दिले.

"भरलं गं बाई तुझं पोट."

पेटीला कान लावून तो पडून राहिला. काहीच आलं नाही. त्याने पुन्हा टोले दिले. पुन्हा थांबला.

थोडं तेल काढून टाकावं, असं क्षणभर त्याच्या मनात आलं.

मग तो बाहेर आला, जीप घोड्यांवरून उतरवली, हात पुसले आणि वहिनीला किल्ली दिली.