सिमेंटखालचा मणका

मी एक जुना, मधोमध भंगलेला जीवाश्म आहे, मित्रांनो. आज मी दगड आहे, पण एके काळी आकाशात उडत होतो. माणसे मला टेरोसॉर म्हणतात. मी पक्षी नव्हे, वटवाघूळही नव्हे. माझ्या हाताचे चौथे बोट लांबच लांब वाढले होते आणि त्यावर कातडीचा पंख ताणलेला होता. एका वादळात मी तळ्यात पडलो. वर गाळ साचला, गाळाचा दगड झाला आणि कोट्यवधी वर्षे मी काळोखात राहिलो.

मला उजेड दाखवला तो एका खाणकामगाराने. फरशीसाठी दगड फोडताना त्याच्या छिन्नीने माझे दोन तुकडे झाले. एकात डोके, मान आणि पंख, दुसऱ्यात लांब शेपटी. "अरेरे, काय केलं मी हे!" तो हळहळला. त्याने तुकडे सिमेंटने जोडले, मला गोणपाटात गुंडाळले आणि पाठीवर घेऊन संग्रहालय गाठले.

तिथल्या तज्ज्ञांच्या कपाळाला आठ्या पडल्या. टेरोसॉरांचे तोवर दोनच प्रकार त्यांना ठाऊक होते. जुन्यांचे डोके लहान, मान आखूड नि शेपटी लांब, नंतरच्यांचे डोके मोठे, मान लांब नि शेपटी नावापुरती. माझे डोके आणि मान नव्यांसारखी, शेपटी मात्र जुन्यांची!

"दोन वेगळे प्राणी चिकटवलेस होय? आम्हाला काय दूधखुळे समजतोस?"

"नाही हो साहेब, एकाच दगडातून निघालाय. माझ्या हातून फुटला, म्हणून जोडला."

"पुरे! निघ आता."

तो मान खाली घालून गेला. मला जिन्याखालच्या फळीवर टाकले आणि वर चिठ्ठी डकवली, 'बनावट'.

बरीच वर्षे गेली. मग जीवाश्म साफ करणाऱ्या एका बाईंनी मला उचलले. "बनावट असो, हाडं तर खरीच आहेत ना," त्या पुटपुटल्या. रोजचे काम उरकले की त्या भिंगाखाली सुईने माझे सिमेंट खरवडत. अकरा महिने हेच चालले. शेवटी भेगेत शेपटीचा एक मणका दिसला. अर्धा या तुकड्यात, अर्धा त्या. फुटलेल्या कपाचे काठ जुळावेत तसे त्याचे काठ तंतोतंत जुळले.

तज्ज्ञ भिंगावर वाकले ते कितीतरी वेळ उठलेच नाहीत. "डोकं आधी बदललं, शेपटी मागाहून," ते हळूच म्हणाले. "हा मधल्या टप्प्यावरचा जीव आहे. चुकलो मी. त्या माणसाला बोलावून घ्या."

पत्र गेले. आली ती त्याची मुलगी.

"बाबा मागच्या वर्षी गेले. खाणीची धूळ छातीत बसली होती. शेवटपर्यंत म्हणायचे, मी खोटं बोललो नाही." तिने माझ्या भेगेवर बोट टेकवले. "घरी आम्हीसुद्धा त्यांचं खरं मानलं नाही."

बाईंनी तिला खुर्ची दिली. तज्ज्ञ खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

आता मी काचेच्या पेटीत आहे. लोक येतात, वाहवा करतात. ती मुलगी मात्र पुन्हा आली नाही.

मित्रांनो, मला जपा असे मी म्हणत नाही. मी दगड आहे, मला थांबता येते. पण कुणाला खोटे ठरवण्याआधी एकदा सुई हातात घ्या, नीट पाहा. आणि तो माणूस ऐकायला आहे तोवरच पाहा.